दुसऱ्या भागात आई मरते

या सिनेमाच्या दुसऱ्या भागाविषयी मला निःपक्षपातीपणे लिहिता येणार नाही, हे आधीच सांगून टाकते. तो सुरू होतो तेव्हा माझी आई तिरडीवर असते.

आई खरी, मरण तेवढं खोटं. मी हे लिहिते आहे तेव्हा ती जूचंद्रच्या आमच्या घराच्या ओट्यावर सुकट निवडत बसली आहे, आणि मी काय लिहिते आहे याची तिला चांगली कल्पना असल्यामुळे अधूनमधून 'माझं नीट लिव' असं बजावते आहे. तर नीट लिहिते.

पहिल्या भागापासून सुरुवात करायला हवी, कारण दुसऱ्या भागाला स्वतःची गोष्ट नाही. आमच्या गावाजवळ मिठागरं आहेत. त्यांच्यावर अजून टॉवर उभे राहिलेले नाहीत, म्हणून सिनेमावाल्यांना ती आवडली. गोष्ट अशी की मिठागराच्या मालकाने एका बाईला मारलं, तिचं भूत झालं, आणि ते भूत मिठाला घाबरतं. नायिका मुठीत मीठ घेऊन फिरते, उंबऱ्यावर मीठ टाकते, शेवटी भुताच्या तोंडावर मीठ फेकून जिंकते. आता मिठाला घाबरणारं भूत राहायला कुठे, तर मिठागरात. म्हणजे पाण्याला भिणाऱ्याने विहिरीत घर बांधावं. गावातल्या म्हाताऱ्यांनी हे दिग्दर्शकाच्या कानावर घातलं होतं. तो हाफपँट घातलेला, उलटी टोपी घातलेला गोड मुलगा होता. तो म्हणाला, "काका, ऑडियन्स एवढा विचार नाही करत." आणि त्याचं खरं निघालं. सिनेमा चालला.

त्यात आईला एक वाक्य होतं. डोक्यावर टोपली घेऊन तिने वाटेत नायिकेला थांबवायचं आणि म्हणायचं, "तिकडं जाऊ नको, पोरी." सिनेमात आमच्यासारख्यांचं काम सावध करण्याचं आणि नटीचं काम न ऐकण्याचं. आईने ते वाक्य इतक्या कळकळीने म्हटलं की मला तर मध्यंतरापूर्वीच घरी जावंसं वाटलं. नटी मात्र गेली.

मग दुसरा भाग ठरला. दुसऱ्या भागाचा नियम असा दिसतो की पहिल्यात जे वाचले त्यांना आता सोडायचं नाही. दिग्दर्शक मिठाईचा पुडा घेऊन घरी आला आणि म्हणाला, "आँटी, तुमचा रोल वाढलाय."

आईने विचारलं, "बोलाचा हाय काय?"

"नाही, पण सगळे तुमच्याबद्दल बोलतात."

म्हणजे ती मेलेली. भूत सर्वांत आधी तिला मारतं, तिची तिरडी बांधतात, दहाव्याला तिच्या पिंडाला कावळा शिवत नाही, आणि मग तिची काय इच्छा राहिली होती ते शोधताना नायिका पुन्हा मिठागरात जाते. जिला पहिल्या भागात जाऊ नको म्हणून सांगितलं होतं तीच. आई खूश झाली. बाबांना अशुभ वाटलं, पण तेही पांढरी टोपी घालून गर्दीत बसायला तयार झाले, कारण गर्दीला दुपारचं जेवण होतं.

इथे मला माझ्या मामाबद्दल सांगावं लागेल. तो आईचा एकुलता एक भाऊ, विरारच्या पलीकडे एका खाडीकाठच्या गावात शेती करतो. माझ्या लग्नात आमच्या गावच्या रेल्वे फाटकाने दगा दिला आणि मामा पलीकडे अडकला. आमच्यात मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामाने उभं राहायचं असतं. भटजी घड्याळ दाखवायला लागले, तेव्हा बाबांनी आपल्या चुलतभावाला माझ्यामागे उभं केलं. मामा घामाघूम होऊन मांडवात शिरला तो शेवटच्या 'सावधान'ला. त्याने आपली जागा भरलेली पाहिली, आहेराचं सामान खुर्चीवर ठेवलं आणि न जेवता निघून गेला. मामाचं म्हणणं, दोन मिनिटं थांबले असते तर काय आभाळ कोसळणार होतं? बाबांचं म्हणणं, माझ्या मांडवातून माणूस उपाशी गेला, माझ्या अन्नाचा अपमान झाला. दोघंही आपापल्या जागी बरोबर असल्यामुळे भांडण मिटायला काही वावच नव्हता. मामाने बाबांच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही असं ठरवलं आणि बाबांनी आईला तिकडे पाठवायचं नाही असं ठरवलं. आईला कोणी विचारलं नाही. माझा मुलगा कॉलेजात जायला लागला, तरी मामाचा राग आणि बाबांचा ताठा तसेच होते.

आई भाऊबीजेला ओट्यावर उभी राहून चंद्राला ओवाळायची. ज्यांना भाऊ नाही त्या बायका चंद्राला ओवाळतात. तिचा भाऊ विरारपलीकडे धडधाकट होता आणि भात कापत होता. निरांजन खाली ठेवताना ती दर वर्षी एकच म्हणायची, "मी मेल्यावर तरी येल काय माह्यारचं लुगडं घेऊन? नाय आला तर मना कशात नेतील?" बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं, आणि ते भाऊ घेऊन येतो. हिरा-मोत्यांची हौस आईला कधी नव्हती, पण या लुगड्याची धास्ती तिने मनाला लावून घेतली होती. आम्ही तिला 'असं बोलू नये' म्हणायचो आणि विषय संपवायचो. त्यापलीकडे कोणाला काही सुचायचं नाही, बाबांना तर नाहीच.

शूटिंगचा पहिला दिवस कावळ्यांचा होता. खाडीकाठी पिंड मांडला, मागे आईचा हार घातलेला फोटो ठेवला. फोटोतली बाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसून चहा पीत होती. कथेप्रमाणे कावळ्याने पिंडाला शिवायचं नव्हतं. पण ती कथा आमच्या कावळ्यांनी वाचलेली नव्हती. हे खाडीवरचे कावळे, सुकत घातलेल्या मासळीवरून माणसाशी हातघाईवर येणारे. 'ॲक्शन' म्हणायचा अवकाश, की पिंड फस्त. दोन माणसं काठ्या घेऊन हाकलायला बसवली, तर कावळ्यांना तो खेळच वाटला. बघायला आलेल्या बायका आईला म्हणायला लागल्या, "तू सुखी गं बाय, तुझी काय इच्छाच रायली नाय."

"कावल्यांना काय समजतं?" आई म्हणाली आणि तिने कप खाली ठेवला.

शेवटी थर्माकोलचा पिंड रंगवून ठेवला. एका कावळ्याने त्याला चोच मारली, मान वळवली आणि थेट कॅमेऱ्याकडे असं पाहिलं की फसवणूक म्हणजे काय ते त्या नजरेत पुरतं उतरलं. ते दृश्य सिनेमात आहे. अभिनयाचं एखादं पारितोषिक द्यायचं झालं तर त्या कावळ्याचा पत्ता मी देईन.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिरडीचा प्रसंग. आमच्याच अंगणात बांबू आले, कडबा आला, मडकं आलं. गर्दीला पांढरे कपडे वाटले. बाबांना भिंतीशी डोकं धरून बसायला सांगितलं, ते त्यांना छान जमलं. आईच्या तोंडाला राखाडी रंग लावला, मळवट भरला. कपड्यांचं पाहणारी मुलगी माणिकपूरच्या दुकानातून आणलेली चकचकीत हिरवी साडी घेऊन आली आणि आईच्या अंगावर पांघरायला लागली. तिरडीवर उताणी झोपलेल्या आईने डोळे उघडले.

"ही कोनी आनली?"

"आम्हीच आणली आँटी. कॉस्च्युमने."

"कॉस्च्युम माझा कोन लागतो?"

आई उठून बसली. माहेरचं लुगडं आल्याशिवाय मी मरणार नाही, असं तिने जाहीर केलं. दिग्दर्शक धावत आला आणि तिच्याशेजारी उकिडवा बसला. "आँटी, साडी कोणी आणली ते स्क्रीनवर कळत नाही."

"मना कलतं ना."

बाबांनी भिंतीपासून सुचवलं, की मीच बाजारात जाऊन एक आणतो, माहेरची समज आणि मर. आईने त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. "मरान खोटं म्हनून लुगडं पन खोटं?" ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "मामाला फोन लाव." बाबा काही बोलायला गेले, पण सगळं युनिट त्यांच्याकडे बघत होतं, आणि पाहुण्यांसमोर बायकोशी भांडायची आमच्याकडे पद्धत नाही. त्यांनी पुन्हा डोकं धरलं.

मी फोन लावला. इतक्या वर्षांनी मामाचा आवाज ऐकला. मी म्हणाले, "मामा, मी बोलते जूचंद्रवरून. आईसाठी तुमच्याकडचं लुगडं हवंय." पुढे मी सिनेमाचं सगळं सांगणार होते. मी 'म्हणजे काय झालंय' असं सुरूही केलं. पण पलीकडे मामीच्या किंचाळण्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या घरातून भाची फोन करते आणि लुगडं मागते, याचा अर्थ आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतो. मी पुन्हा पुन्हा फोन लावला. नंतर कळलं की मामा फोन चुलीजवळ टाकून तसाच निघाला होता. मी धावत जाऊन आईला सांगितलं, की घोटाळा झाला, त्याला वाटलं तू गेलीस.

आईने विचारलं, "निघाला काय तो?"

"निघाला असणार."

"मग येदे," असं म्हणून ती पुन्हा तिरडीवर आडवी झाली.

दिग्दर्शकाने तोवर तालीम करून घ्यायचं ठरवलं. म्हणजे मामाचा टेम्पो गावाच्या वेशीवर आला तेव्हा अंगणात पांढऱ्या कपड्यातली माणसं होती, उदबत्त्या होत्या, मडकं होतं आणि भिंतीशी डोकं धरून बसलेले बाबा होते. टेम्पो भरून माणसं आलेली. बायकांनी आमच्या रितीप्रमाणे वेशीपासूनच रडायला सुरुवात केली. आवाजाचं काम करणारा माणूस कानावरचा हेडफोन दाबून धरत म्हणाला, "अरे वा, यह किसने अरेंज किया?" मी मामाला थांबवायला दारापर्यंत गेले. त्याने मला पाहिलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला बाजूला करून आत गेला.

त्याच्या काखेत खाकी कागदात गुंडाळलेलं लुगडं होतं. हिरवंच. त्याने ते आईच्या अंगावर घातलं, कडा नीट सारख्या केल्या, आणि मग तो गुडघ्यावर बसला. माझा मामा मोठा रांगडा माणूस आहे. त्याला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"एका फाटकापायी गं," तो म्हणाला. "एका फाटकापायी तुझं तोंड नाय बगितलं मी. दर भाऊबीजेला अंघोल करून बसायचो. तू येशील, नायतर बोलावशील. तू नाय बोलावलं, मी नाय आलो. आता कोनाशी भांडू गं मी?"

त्याने तिचा हात घेऊन आपल्या कपाळाला लावला आणि हंबरडा फोडला. दिग्दर्शकाने बोटाने गोल गोल खूण केली, कॅमेरा चालूच होता. आईने हालचाल केली नाही. तिला 'कट' म्हणेपर्यंत उठू नका असं सांगितलं होतं, आणि कट कोणी म्हणत नव्हतं. पण तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून दोन्ही बाजूंना पाणी ओघळत होतं आणि राखाडी रंगात वाटा पाडत होतं. ते मला दिसत होतं. मी तोंडावर पदर धरून रडत होते, आणि मला खोटं काय नि खरं काय याची अजिबात पर्वा नव्हती.

मग मामी आईच्या पाया पडायला वाकली. पाय गरम लागले. तिने जी किंकाळी फोडली तशी त्या भुताला दोन्ही भागांत मिळून एकदाही जमलेली नाही. आई उठून बसली आणि म्हणाली, "घाबरू नका, शूटिंग हाय." टेम्पोतले निम्मे लोक तोवर फाटकाच्या दिशेला धावत सुटले होते.

मामाला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्याने आईला अशा शिव्या दिल्या की त्या सेन्सॉरने कापल्याच असत्या. "हा काय चावटपना? आं? मरनाची थट्टा करतंस?" आई म्हणाली, "आलास ना?" तेवढंच. मामा मटकन खाली बसला. तेव्हा बाबा भिंतीपासून उठले, आत गेले आणि तांब्या घेऊन आले. त्यांनी तो मामासमोर धरला आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "पानी पी. जेवून जा." मामाने तांब्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि घटाघटा प्यायला. त्या दिवशी सिनेमावाल्यांच्या गर्दीचं जेवण टेम्पोवाल्यांनी संपवलं.

जेवणानंतर दिग्दर्शक हात जोडून मामाकडे आला. "सर, एकदा परत रडाल का? मघाशी फोकस जरा हलला होता." मामा तयार झाला. पण बहीण जिवंत, पोटात भात, आणि कॅमेरा कुठे आहे ते आता माहीत. त्याने डोळे पुसत इतकं गोड हसू आणलं की आईलाच तिरडीवर हसू फुटलं.

सिनेमा आला तेव्हा आम्ही वसईच्या एका मॉलमध्ये पाहायला गेलो. मामाने विरारहून पुन्हा टेम्पो भरून माणसं आणली होती, कारण आपण सिनेमात आहोत हे त्याने सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. आईने तेच हिरवं लुगडं नेसलं. मामी हादरली. मढ्यावर घातलेलं लुगडं कोणी नेसतं का? "मढं मीच होती," आई म्हणाली, "मग नेसनार कोन?"

आता गुणदोष. गुण आधी सांगते, लवकर आटपतील. मिठागरावरची संध्याकाळ सुंदर टिपली आहे. वाऱ्याचा आवाज एवढा खरा आहे की आमच्या माणसांना घरी खिडक्या बंद केल्या होत्या ना, अशी काळजी वाटायला लागली. नायिका घाबरते तेव्हा नुसता श्वास ऐकू येतो, वर ढोल बडवत नाहीत. असं एकदाच होतं, पण होतं. आणि कावळा.

दोष म्हणजे उरलेला सिनेमा. पहिल्या भागात भूत फार दिसत नव्हतं, म्हणून थोडी भीती होती. दुसऱ्यात ते इतक्या वेळा येतं की नातेवाईक वाटायला लागतं. आमच्या गावातल्या रांगोळीवाल्यांनी प्रसिद्धीसाठी त्याची रांगोळी काढली होती, ती पडद्यावरच्यापेक्षा भयंकर होती. मिठाचं काय झालं, तर एक मांत्रिक येऊन सांगतो की भुताला आता मिठाची सवय झाली. बस्स. मग पहिल्या भागात एवढी पोती कशाला ओतली? भुताच्या आईची गोष्ट आहे, त्या आईला मारणाऱ्याची गोष्ट आहे, आणि या सगळ्यांत भूत काय मागतं आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. शेवटी पाण्यातून एक हात वर येतो. म्हणजे तिसरा भाग.

आणि मामाचं रडणं नाही. तिरडी दिसते न दिसते, की लगेच कावळा. मामाला वाटलं पुढे येईल, आठवण म्हणून दाखवतील. मध्यंतरात त्याने पॉपकॉर्नही घेतले नाहीत, कारण तेवढ्यात आलं तर? तो पूर्ण सिनेमाभर पुढे सरसावून बसला होता. नावांची पाटी सरकायला लागली, दिवे लागले, झाडणारे आत आले, तरी तो उठेना. मी बाहेर जाऊन दिग्दर्शकाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, बघणाऱ्यांना ते जरा जास्त वाटलं. ओव्हरॲक्टिंग." मी परत येऊन तो शब्द गिळला आणि नुसतं 'कापलं' म्हणून सांगितलं.

मामाचा चेहरा पडला. "सगल्या गावासमोर," तो म्हणाला. "एवढा रडलो मी. कोनी बगितलंच नाय."

आई त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिने त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"मी आयकलं ना रे," ती म्हणाली. "मेल्यावर कोन किती रडला, ते कोनाला आयकायला भेटतं? मना भेटलं."

झाडणारा माणूस आमच्या रांगेपर्यंत आला होता. त्याने दोघांकडे पाहिलं आणि तो मागच्या रांगेपासून झाडायला लागला.